तळ्याचा हिशेब

‘घरखर्चाची वही’ या सदरात आजवर आपण लग्नकार्य, आजारपण, घराची डागडुजी, मुलांचे शिक्षण यांच्या खर्चाचा विचार केला. तळ्याचा विचार या वहीत कधी आला नव्हता. देवास जिल्ह्यातील एका भगिनींच्या पत्राने तो आणला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरची पाच एकर जमीन आहे. बारा वर्षांपूर्वी खणलेले, २० मीटर लांब, २० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे एक तळे आहे. पण ते माघ महिन्यातच आटते आणि हरभऱ्याचे दुसरे पाणी चुकते. यजमानांच्या मनात ते चारी बाजूंनी वाढवून ३० मीटरांचे करावयाचे आहे. मक्तेदाराने साठ हजार रुपये सांगितले आहेत. मुलीच्या परिचारिका-शिक्षणासाठी डाकघरात ठेवलेले सत्तर हजार घरात आहेत. दीर म्हणतात, ‘तळे कशाला वाढवता, त्याच पैशांत नलिका विहीर खणू.’ भगिनींनी विचारले आहे ते इतकेच, की साठ हजारांत हे काम खरोखर होते काय?

साठ हजारांत खणाई होईल. तळे होणार नाही. हा भेद नीट ध्यानी यावा म्हणून थोडे गणित करणे भाग आहे. गणिताचा कंटाळा असलेल्या वाचकांनी क्षमा करावी. पण तळ्याच्या बाबतीत आकड्यांची गफलत मातीत पुरली जाते आणि ती पुन्हा उकरून काढता येत नाही.

तळ्याचा खड्डा पेटीसारखा उभ्या भिंतींचा नसतो. माती ढासळू नये म्हणून कडांना उतार द्यावा लागतो. उताराचे प्रमाण एकास एक धरले, म्हणजे एक मीटर खोल जाताना कड एक मीटर आत आली, तर वर ३० मीटर असलेली बाजू तीन मीटर खोलीवर २४ मीटर उरते. वरचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, तळाचे ५७६ आणि मध्यावरचे ७२९. वरचे क्षेत्र, तळाचे क्षेत्र आणि मध्यावरच्या क्षेत्राची चौपट यांची बेरीज करून तिला सहाने भागावे व खोलीने गुणावे. उत्तर २,१९६ घनमीटर येते. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर, तेव्हा हे झाले सुमारे बावीस लाख लिटर. महाराष्ट्रात मातीकाम ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. त्या मापाने ही माती ७७६ ब्रास भरते.

हेच गणित २० मीटरांच्या तळ्याला लावले तर उत्तर अवघे ८७६ घनमीटर येते. बाजू दीडपट, जागा सव्वादोन पट, आणि पाणी मात्र अडीच पट! लहान तळ्याचा पुष्कळ भाग उतारच खाऊन टाकतो. तेव्हा यजमानांच्या मनातील कल्पना मुळात चुकीची नाही. चूक आहे ती ‘चारी बाजूंनी’ या दोन शब्दांत.

जुन्या तळ्याची माती कोठे आहे? बहुधा त्याच्या काठावर, बांधाच्या रूपाने. चारी बाजूंनी पाच-पाच मीटर वाढवावयाचे म्हणजे तो बांध संपूर्ण उचलून पलीकडे न्यावा लागणार. जुन्या बांधात अदमासे ५०० घनमीटर माती आहे असे धरू. नवी खणाई १,३२० घनमीटर आणि त्यावर हे ५००, म्हणजे एकूण १,८२० घनमीटर माती हलवावी लागेल. अगदी कोऱ्या जमिनीवर ३० मीटरांचे तळे खणले असते तर २,१९६ हलवावी लागली असती. याचा अर्थ, नव्या तळ्याच्या श्रमांपैकी शेकडा ८३ श्रम करून आपल्या पदरात नव्या तळ्याच्या पाण्यापैकी शेकडा ६० पाणी पडते.

आता चारी बाजूंऐवजी एकाच बाजूने वाढवून पाहा. रुंदी २० मीटरच ठेवावी व लांबी २० वरून ४५ मीटर करावी. पाण्याची जागा तीच, ९०० चौरस मीटर. खोली तीच. घनफळ येते २,१५१ घनमीटर. चौरस तळ्याहून ते फार तर पंचेचाळीस घनमीटरांनी उणे. पण हलवावयाचा बांध एकाच बाजूचा, म्हणजे सव्वाशे घनमीटर. नवी खणाई १,२७५ धरून सारे मिळून १,४०० घनमीटर मातीत काम आटोपते. शिवाय उरलेल्या तीन बाजूंचा बांध बारा पावसाळ्यांत बसून घट्ट झालेला आहे, त्यावर गवताने मूळ धरले आहे, तो तसाच राहतो. ताज्या बांधाची पहिल्या पावसात जी दैना होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

काहीजण म्हणतील, रुंदी-लांबी कशाला, खोलीच वाढवावी. जमीन तरी वाचेल. तेही करून पाहू. २० मीटरांचे तळे तीनऐवजी पाच मीटर खोल नेले तर उतारामुळे तळ अवघा १० मीटरांचा उरतो आणि पाणी वाढते केवळ २९० घनमीटर. माती मात्र साऱ्यांत खालची, साऱ्यांत कठीण आणि साऱ्यांत उंच उचलावयाची. सरकारी बांधकाम खात्यांच्या दरपत्रकांत मातीकामाचा मूळ दर साधारणपणे ५० मीटरपर्यंत वाहून नेण्याचा व दीड मीटरपर्यंत वर उचलण्याचा असतो. त्यापुढच्या प्रत्येक टप्प्याला जादा दर लागतो. तो उगाच नव्हे.

खोलीत आणखी एक धोका असतो, आणि जुन्या तळ्याच्या बाबतीत तो विशेष. बारा वर्षांत तळाशी जो बारीक गाळ बसतो तोच त्या तळ्याचे अस्तर असतो. मुरमाच्या भेगा त्याने बुजवलेल्या असतात. उत्साहाच्या भरात यंत्राने तो गाळ आणि खालचा हातभर मुरूम उकरला, की भरलेल्या तळ्याची चाळणी होते. गाळ काढावा, तो शेतात पसरला तर जमिनीचा कस वाढतो आणि वाहतुकीचा खर्च काही अंशी अंगावेगळा होतो. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच विचारावर उभी राहिली. पण काढताना तळाची वीतभर चिकण माती राखून काढावा.

आता रुपयांकडे वळू. पुढील दर उदाहरणापुरते धरलेले आहेत. ते प्रांतोप्रांती, किंबहुना तालुक्या-तालुक्याला निराळे असतात. वाचकांनी आपल्या गावचा दर घालून बेरीज करावी. समजा, पोकलेन यंत्राचे भाडे तासाला दोन हजार रुपये आहे. मऊ मातीत ते तासाला ८० घनमीटर खणते, मुरमात निम्मे, म्हणजे ४० घनमीटर. वरची एक मीटर माती मऊ व खालची दोन मीटर मुरूम असेल, तर कोऱ्या जागेवरच्या ३० मीटरांच्या तळ्याला मऊ मातीचे साडेदहा तास व मुरमाचे ३४ तास लागतील. पंचेचाळीस तास धरू. झाले नव्वद हजार. सर्वच माती मऊ असती तर हेच काम छप्पन्न हजारांत झाले असते, आणि खाली काळा पाषाण लागला तर दीड लाखातही होणार नाही. म्हणून मक्तेदाराला बोलावण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी माणसाच्या उंचीचे चाचणी खड्डे घ्यावेत. चार मजुरांच्या एका दिवसाच्या मजुरीत जे कळते ते न कळल्यामुळे लाखाचा ठोकताळा चुकलेली घरे पुष्कळ आहेत.

पण खरी मेख खणाईत नसून खणलेल्या मातीत आहे. जमिनीत दडपून बसलेली माती मोकळी झाली की फुगते. चार घनमीटरांची पाच होते. तळ्याभोवती दीड मीटर उंचीचा बांध घातला तर त्यात सुमारे ९०० घनमीटर माती मुरेल. उरलेल्या १,३०० घनमीटरांचे काय? मोकळी झाल्यावर ती १,६२५ घनमीटर होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती मावते, म्हणजे पाऊणशे कमी साडेसहाशे, जवळजवळ पावणेसहाशे खेपा! खेपेला दीडशे रुपये म्हटले तरी शहाऐंशी हजार झाले. खणाईच्या बरोबरीची ही रक्कम मक्तेदाराच्या तोंडी अंदाजात बहुधा नसतेच. तो माती काठावर काढून मोकळा होतो, आणि पुढे तो ढीग वर्षानुवर्षे शेतात पिकाची जागा अडवून बसतो, किंवा पहिल्याच मोठ्या पावसात पुन्हा तळ्यात उतरतो.

येथेच मापाचाही घोटाळा होतो. ‘ब्रासला इतके’ असा ठराव करताना तो ब्रास खड्ड्यातला की ट्रॉलीतला हे बोलून घेतले नाही, तर एकाच कामाचे दोन हिशेब निघतात: खड्ड्यातले ७७६ ब्रास ट्रॉलीत ९७० भरतात. यात कोणी कोणाला फसवीत असतोच असे नव्हे. माती फुगते आणि शब्द तोच राहतो. मोजणी नेहमी खड्ड्याची करावी. खणताना मध्ये दोन-तीन ठिकाणी मूळ जमिनीच्या उंचीचे मातीचे खांब न खणता सोडावेत, म्हणजे खोली किती झाली याची साक्ष तेच देतात. मोजणी होऊन सह्या झाल्यावरच ते पाडू द्यावेत. आपल्याकडील माती-वडारांपासून रोजगार हमीच्या कामांपर्यंत हाताने मातीकाम करणाऱ्यांची मजुरी अशाच मापांवर ठरत आली आहे.

हाताने खणण्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. एका माणसाने दिवसाला दोन घनमीटर माती खणून टाकली असे धरले तर ३० मीटरांच्या तळ्याला अकराशे मनुष्यदिवस लागतात. दिवसाची मजुरी तीनशे धरली तर हा खर्च तीन लाख तीस हजारांवर जातो. यंत्राच्या मानाने तो अवाढव्य आहे, यात शंका नाही. तथापि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात, आणि २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली देशभर, जी असंख्य तळी व बांध हाताने झाले त्यांच्या खर्चाकडे केवळ मातीचा खर्च म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तो पैसा त्या गावांत चुलीपर्यंत पोहोचत होता. खाजगी कुटुंबाला मात्र हा विचार परवडत नाही, आणि त्याने तो करावा असेही कोणी म्हणणार नाही.

खणाई आणि वाहतूक झाली. पुढे पाणी आत येण्याची वाट, तिच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी लहान कुंडी आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी दगडी सांडवा. यांना वीस हजार धरू. सांडव्याविना तळे म्हणजे झाकण घट्ट बसवून चुलीवर ठेवलेले भांडे. ते बांध फोडूनच शांत होते. शेवटी कुंपण. बांधाच्या माथ्यावरून मोजले तर १६० मीटर जाळी लागते. मीटरला तीनशे धरले व फाटकाचे दोन हजार घातले तर पन्नास हजार होतात. येथवरची बेरीज दोन लाख शेहेचाळीस हजार.

कुंपणाचा खर्च पाहून पुष्कळांचे मन कचरते आणि ‘ते पुढच्या वर्षी करू’ असे ठरते. या एका बाबतीत आम्ही वाचकांना आग्रहाने सांगू की पुढच्या वर्षीवर टाकू नये. विशेषतः ज्या तळ्यांत प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते त्यांच्या कडा शेवाळाने इतक्या निसरड्या होतात की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. शेततळ्यात पडून लहान मुले, त्यांना काढावयास धावलेल्या आया व बहिणी बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. जाळीला पैसे नसतील तर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे, पण पाणी साठण्यापूर्वी घालावे. आणि अस्तर असो वा नसो, चारी कडांना मजबूत खुंट्यांशी बांधलेला, पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठींचा दोर सोडून ठेवावा. दोराला फार तर हजार-पाचशे रुपये पडतात.

अस्तराचा खर्च वर धरलेला नाही. ३० मीटरांच्या तळ्याला तळ व कडा मिळून १,०३४ चौरस मीटर, काठावर मातीत गाडावयाचा पट्टा व सांधे धरून सुमारे १,२०० चौरस मीटर कापड लागते. चौरस मीटरला शंभर धरले तरी एक लाख वीस हजार. या कापडाला भारतीय मानक १५३५१ लागू आहे व खरेदी करताना पावतीवर तो क्रमांक व जाडी लिहून घ्यावी. अस्तरासह एकूण खर्च तीन लाख सहासष्ट हजार होतो. त्यात खणाईचे नव्वद हजार म्हणजे केवळ चौथा हिस्सा! मक्तेदाराने सांगितलेला आकडा हा नेहमी या चौथ्या हिश्श्याचा असतो.

आता पत्रातील प्रश्नाचे उत्तर सरळ देता येईल. चारी बाजूंनी वाढविण्याच्या कामाची खणाई वरील दरांनी सहासष्ट हजारांच्या आसपास येते. तेव्हा साठ हजारांचा आकडा खोटा नाही. पण वाहतुकीचे साठ व सांडवा-कुंपणाचे सत्तर मिळवले म्हणजे काम दोन लाखांच्या घरात जाते. एका बाजूने वाढवल्यास खणाईतले दहा-अकरा हजार वाचतील. बाकीचे खर्च बहुतेक तसेच राहतील. सत्तर हजारांत हे बसत नाही, आणि डाकघरातील ती रक्कम काढून काम अर्धवट सोडण्यापेक्षा न काढलेली बरी. परिचारिका-विद्यालयाचे शुल्क भरण्याची तारीख पावसाप्रमाणे पुढेमागे होत नाही.

आमच्या मते, खर्चाच्याही आधी दोन गोष्टी पाहावयास हव्यात. पहिली ही, की आताचे लहान तळे पावसाळ्यात पूर्ण भरून सांडव्यावरून वाहते काय? वाहत नसेल तर ते वाढवणे व्यर्थ आहे, कारण मोठ्या तळ्यात येणारे पाणी तेवढेच असणार. हिशेब असा. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील शेकडा १५ वाहून आला, तर एका हेक्टरावरून १,०५० घनमीटर पाणी मिळते. तीस मीटरांचे तळे एकदा भरण्यास दोन हेक्टरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ पाच एकरांचे पाणी एका वाटेने वाहून आले पाहिजे. ज्याची सारी जमीनच पाच एकर आहे आणि वरच्या शेजाऱ्याने स्वतःचा बांध घातला आहे, त्याने या गणितापाशी थांबून विचार करावा.

दुसरी गोष्ट, तळे माघात आटते ते उन्हाने की गळतीने? हे शोधावयास इंजिनिअर लागत नाही. दिवाळीनंतर तळ्यात खुणा केलेली काठी रोवावी. काठालाच, उन्हात, एक बादली निम्मीअधिक तळ्यातच बुडेल अशी ठेवून तिच्यात पाणी भरावे व आतून खूण करावी. आठ दिवसांनी दोन्ही मापे घ्यावीत. बादलीतले पाणी केवळ उन्हाने उतरते. त्याहून तळ्याचे जितके अधिक उतरले असेल तितकी गळती. त्या दिवसांत उपसा मात्र करू नये. थंडीत उन्हावाऱ्याने दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडाले तर ३० मीटरांच्या तळ्यातून रोज चारेक हजार लिटर जातात. ऐन वैशाखात हा आकडा दुप्पट होतो. ते आपल्या हाती नाही. पण गळती त्याहून मोठी निघाली तर तळे वाढवून गळतीच वाढेल. अशा वेळी काळी चिकण माती आणून, ओली करून, बैलांच्या किंवा ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी ती तळाशी व कडांना तुडवून बसवणे हा खणाईच्या मानाने फार स्वस्त उपाय आहे. आहे त्या २० मीटरांच्या तळ्यात त्याने कदाचित हरभऱ्याचे ते दुसरे पाणी सुटेल, आणि ठेवीला हात लावण्याची वेळच येणार नाही.

भावोजींच्या नलिका विहिरीबद्दल. पैशाच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे आकर्षक दिसते. पण देवासच्या माणसाला याबाबत बाहेरच्याने सांगावे असे काय आहे? माळव्याच्या त्याच भागाने नलिका विहिरी खोल खोल नेल्या आणि १९९० च्या उन्हाळ्यात देवास शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे २००६ पासून, उमाकांत उमराव हे तेथे जिल्हाधिकारी असताना, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्यावा, असा विचार जिल्ह्यात पसरला आणि हजारो शेतकऱ्यांनी, पुष्कळांनी तर पदरमोड करून, स्वतःच्या शेतात तळी खणली. दहावा हिस्सा हे माप हिशेबालाही उतरते. ३० मीटरांचे तळे, काठाची मोकळी जागा व बांध मिळून ४५ मीटरांचा चौरस, म्हणजे बरोबर अर्धा एकर जमीन व्यापतो, आणि तो पाच एकरांचा दहावा हिस्साच होय. ही गेलेली जमीन खर्चाच्या बेरजेत कोणी मांडत नाही. ती मांडली पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे एक सांगणे आहे. अस्तर घातलेली पुष्कळ शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत नाहीत. ती विहीर व नलिका विहिरीतून पंपाने उपसून भरली जातात. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला उन्हाळ्यात त्याने जीवदान मिळते हे खरे. पण जमिनीखाली सर्वांच्या वाट्याचे म्हणून असलेले पाणी एकाच्या कुंपणात आणून उन्हात ठेवले, की आधी उडते ते शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी. अशा तळ्याला साठवण म्हणावे, जलसंधारण म्हणू नये.

तळे वाढवणे परवडते की नाही याचा ताळा असा करावा. बावीसशे घनमीटरांपैकी ऊन, गळती व तळाचा गाळ वजा जाता समजा १,४०० घनमीटर पिकाला मिळाले. एका एकराला एक हलके पाणी म्हणजे दोनशे घनमीटर. तेव्हा सात एकर-पाणी झाले. दोन लाख शेहेचाळीस हजारांवर शेकडा १० प्रमाणे व्याज, आणि मुद्दल पंधरा वर्षांत विभागले, तर एका एकर-पाण्याची किंमत सहा हजारांच्या जवळ जाते. पंपाचा खर्च निराळा. त्या एका पाण्याने एकरी दोन क्विंटल हरभरा वाढला तर तळे आपले पैसे आपण फेडील. पाऊण क्विंटलच वाढला तर फेडणार नाही. भाजीपाला, फळबाग वा मत्स्यपालन यांची जोड मिळाली तर हे चित्र पालटते. बंगालमध्ये घरामागच्या पुकुरात मासळी नसती तर त्या राज्यात एवढी तळी टिकली असती काय, याची शंका वाटते. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलाशय-गणनेत देशात २४,२४,५४० जलाशय मोजले गेले. त्यांपैकी एकट्या पश्चिम बंगालात साडेसात लाखांच्या आसपास होते.

सरकारी साहाय्य ज्या त्या राज्याचे निराळे असते. मध्य प्रदेशात २००७ साली बलराम तालाब योजना, महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ अशा योजना निघाल्या. महाराष्ट्रातील त्या योजनेत ३० मीटर लांबी-रुंदीच्या व ३ मीटर खोलीच्या तळ्याला पन्नास हजारांपर्यंत अनुदान होते. आता आपल्याकडे कोणती योजना चालू आहे व तिची मर्यादा किती, हे कृषी कार्यालयातच विचारावे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की अनुदान बहुधा काम पुरे होऊन मोजणी झाल्यावर खात्यावर जमा होते. म्हणजे तोवरचा पैसा आपल्यालाच उभा करावा लागतो. मंजुरीचा कागद हाती येण्यापूर्वी खणलेले तळे पुष्कळदा पात्रच ठरत नाही. उरलेली माती किंवा मुरूम विकण्याचा मोह झाला तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करावी. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेने बांध, रस्ते, इमारती यांच्या भरावासाठी वापरली जाणारी साधी मातीदेखील गौण खनिज ठरली आहे, आणि विनापरवाना वाहतुकीचा दंड मातीच्या किमतीहून किती तरी जड असतो.

काम करावयाचे ठरलेच तर यंत्र होळीपूर्वी ठरवावे. चैत्र-वैशाखात सर्वांनाच ते हवे असते व भाव चढतात. मात्र जुने तळे पूर्ण सुकल्याशिवाय आत यंत्र उतरवू नये. चिखलात रुतलेल्या यंत्राचे तासही आपल्याच नावावर मोजले जातात. ठराव कागदावर करावा: डिझेल कोणाचे, यंत्र आणण्या-नेण्याचे भाडे कोणाचे, दर तासावर की खड्ड्याच्या ब्रासवर, पाषाण लागल्यास काय. दर तासावर असेल तर यंत्रावरचा तासांचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ वहीत टिपावा, आणि हे काम घरातील लिहित्या मुलीकडे द्यावे. यंत्रचालकाशी गप्पा मारीत बसलेले पुरुष ते हमखास विसरतात. बांधाची माती वीत-वीत थरांनी, पाणी मारून दाबून घ्यावी. एकूण रकमेचा दहावा भाग हाती राखावा व तो बांध आणि सांडवा पहिल्या दोन मोठ्या पावसांत टिकल्यावर, म्हणजे साधारण आषाढात, द्यावा, असे ठरावातच लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.